एक रिंग, म्हणजे सुखरूप

सातारा आणि सांगली ही दोन गावं टेलिफोनच्या कितीतरी आधी कृष्णेनं जोडलेली आहेत. महाबळेश्वरला उगम पावलेली कृष्णा साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णेला भेटते, कराडला प्रीतिसंगमावर कोयनेला कवेत घेते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाखालून वाहते. म्हणजे आमच्याकडे धो धो पडलेला पाऊस पुढे सांगलीकरांच्या दारात उभा राहतो. मी नोकरीला साताऱ्यात, बँकेत. आई सांगलीला गावभागातल्या जुन्या घरात. पावसाळ्यात माझा एक डोळा लेजरवर आणि दुसरा आभाळाकडे असे.

घरचा फोन होता, नाही असं नाही. पण पाऊस सुरू झाला की तो आधी खरखरायचा आणि मग मौनव्रत घ्यायचा. मग मी एसटीडी बूथ गाठायचा. त्या काचेच्या खोक्यात लाल आकडे पुढे सरकताना पाहिले की आईशी बोलण्याऐवजी मी त्या आकड्यांशीच बोलतोय असं वाटे. आईही तशीच. "बरी आहे, ठेव आता, पैसे पडतात," हे तिचं पहिलं आणि शेवटचं वाक्य.

मोबाइल तेव्हा आमच्यासाठी नव्हताच. 31 जुलै 1995 ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, ती बातमी आम्ही शाखेत चहा पिताना वाचली होती. पुढे कळलं की आलेल्या फोनचेही पैसे पडतात. "समोरच्यानं बोलायचं आणि आपण भरायचं? हे तर जामीन राहण्यासारखं झालं," असा शेरा आमच्या हेडकॅशिअरनं मारला आणि विषय संपला. मे 2003 पासून येणारे फोन फुकट झाले, तेव्हा आमच्यासारख्यांचा धीर वाढला.

2004 च्या दिवाळीत मी दोन फोन घेतले. एक मला, एक आईला. दोन्ही नोकिया 1100. काळा-राखाडी, मुठीत मावणारा, बटणांवर रबराचं एकसंध पांघरूण आणि डोक्यावर चक्क बॅटरी! त्या मॉडेलचे जगभरात 25 कोटींच्या घरात संच खपले म्हणतात. पण तेव्हा मला वाटलं होतं, हा फोन बनवणाऱ्यानं आमच्या सांगलीचं भारनियमन पाहिलेलं असणार.

आईनं फोन हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मऊ फडक्यात गुंडाळून देवघराच्या फडताळात ठेवला. तोही बंद करून. का, तर "उगीच कशाला जळत ठेवायचा?" दिवा विझवल्याशिवाय खोलीबाहेर न पडणाऱ्या पिढीचं हे तत्त्वज्ञान. मी हात टेकले. मग तह झाला. सकाळी आठ, दुपारी दोन आणि रात्री आठ, या तीन वेळांना फोन चालू करायचा. सगळं ठीक असेल तर मला एक रिंग द्यायची आणि कट करायची. मी एक रिंग देऊन पोच द्यायची. दोन रिंगा म्हणजे "सवडीनं फोन कर." तीन म्हणजे "लगेच."

आता पाहा, पस्तीसशेच्या थकबाकीपायी लोकांच्या दारात जाणारा मी बँक अधिकारी, आईबरोबर असा बिनपैशाचा व्यवहार वर्षानुवर्षं करत होतो! रिचार्जचं कुपन नाण्यानं खरवडताना जो जीव वरखाली होई, तो आठवला की आजही हसू येतं. मेसेजची तऱ्हा वेगळीच. मराठी लिहायचं ते रोमन अक्षरांत. आमच्या हळद व्यापारी मेहुण्यांनी एकदा काही पाठवायला सांगितलं. ते 'मला', 'माल' की 'माळा', यावर घरात अर्धा तास खल झाला. शेवटी फोन करावाच लागला आणि मेसेजचा वाचलेला रुपया दुप्पट होऊन गेला.

मग 2005 चा जुलै उजाडला. 26 तारखेला मुंबई बुडाली. इकडे कोयना, कृष्णा, वारणा सगळ्यांनीच पात्र सोडलं. सांगलीची धोक्याची पातळी 45 फूट. पाणी 53 फुटांच्याही वर गेलं. घरचा फोन कधीच मुका झाला होता. वीज गेली होती. रस्ते बंद. आई माडीवर, सोबत शेजारचं कुटुंब. त्यांची सून पोटुशी.

त्या दिवसांत ती एक रिंग म्हणजे माझा श्वास होता. सकाळी आठची आली. दुपारी दोनची आली. रात्री आठची आली नाही.

साडेआठ वाजले, नऊ वाजले. मी फोन लावला तर "बंद आहे" असं एक बाई गोड आवाजात सांगत राहिली. इतकी गोड की राग यावा. साताऱ्यात पावसाचा जोर होताच. पत्र्यावरचा तो आवाज ऐकताना मनात एकच येई, हेच पाणी तिकडे निघालंय. बायकोनं दोनदा चहा केला, दोनदा निवला. रात्रभर मी फोन हातात धरून बसलो होतो, जणू घट्ट धरला तर वाजेल.

पहाटे सहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. आईच होती, एका शाळेतल्या छावणीतून. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "अरे, तुझा फोन संपला. रागावू नकोस." रात्री बचावाची नाव गल्लीत आली होती, पण अंधारात माडी कुठली ते कळेना. आईनं फोनची बॅटरी लावून गजातून हात बाहेर काढला आणि तासभर तसाच धरला. आधी ती सून उतरली, मग मुलं, शेवटी आई. आठ-नऊ महिने जळू नये म्हणून जपलेला फोन तिनं एका रात्रीत जाळून संपवला होता. "दिवा लावायचा तेव्हा लावावाच लागतो," एवढंच म्हणाली. आणि सवयीनं, "ठेव आता, दुसऱ्याचा फोन आहे."

2019 ला पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा आई नव्हती. माझ्या हातात मोठा फोन होता. त्यावर पुराचे शेकडो व्हिडिओ येत होते. कुठला आजचा, कुठला कालचा, कुठला भलत्याच गावचा, काही कळेना. तेव्हा त्या एका रिंगची फार आठवण झाली. तिच्यात शब्द नव्हता, म्हणून खोटंही नव्हतं.

अजूनही सांगलीला पोचलो की मी घरी एक रिंग देतो आणि कट करतो. मुलगी हसते. "बाबा, बोला ना! आता कुठे मिनिटाचे पैसे पडतात?"

तिचं बरोबर आहे. पण पलीकडून बायकोची एक रिंग येते, आणि मगच मी पायातल्या चपला काढतो.