आफ्रिकेचा पाहुणा आणि देशी थवा

ज्या घरांत मासा ताटांत कधीं आला नाहीं, त्या घरांत तो एके दिवशीं दिवाणखान्यांत येऊन बसावा, यांत थोडी गंमत आहे खरी. आमच्या जव्हारच्या घरीं हा प्रकार घडला. मुंबईस शिकत असलेला आमचा पुतण्या दिवाळीच्या सुटींत येतांना तीन फूट लांबीची कांचेची टाकी, वाळूची पिशवी, हवा सोडणारें लहानसें यंत्र आणि पाण्यानें फुगलेल्या पिशव्यांतून मासे, असें सगळें बिऱ्हाडच घेऊन आला. मातुश्रींनीं प्रथम नाक मुरडलें. टाकी देवघराच्या भिंतीस लागतां कामा नये, अशी अट घातली आणि मग परवानगी दिली. चार दिवस गेले नाहींत तोंच त्याच टाकीसमोर पाट मांडून त्यांचा जप चालूं लागला.

पिशव्यांत सहा मासे निळे-पिवळे, बोटाएवढे, मोठे रुबाबदार होते. दुकानदारानें त्यांस ‘आफ्रिकन सिक्लिड’ एवढेंच नांव सांगितलें होतें. त्यांजबरोबर निऑन टेट्रा नांवाचे, निळ्या-तांबड्या रेघेचे, काडीसारखे वीस मासे शोभेसाठीं दिले होते. ‘दोन्ही एकत्र खुशाल राहतात,’ असें आश्वासनही दिलें होतें. तिसऱ्या दिवशीं सकाळीं धाकट्या पुतणीनें मोजदाद केली, तों वीसांचे चौदा भरले. आठव्या दिवशीं मोजावयास कांहीं उरलें नाहीं. मुलगी दोन दिवस टाकीकडे फिरकली नाहीं, आणि पुतण्याचा चेहराही उतरला. त्याची चूक एवढीच, कीं त्यानें विश्वास ठेवला. तेव्हां मिळेल तें वाचून आणि वर्षभर स्वतः करून पाहून आम्ही ज्या निष्कर्षास आलों, तो येथें देत आहों. आजकाल पुष्कळ घरांतून अशा टाक्या दिसतात. कोणाच्या तरी घरचा थवा वांचेल.

पहिली गोष्ट ही, कीं ‘आफ्रिकन सिक्लिड’ हें एका माशाचें नांव नव्हे. तें एका अफाट कुळाचें नांव आहे. एकट्या मलावी सरोवरांत या कुळाच्या शेंकडों जाती आहेत, आणि दुकानांतून दिसणारे निळे-पिवळे मासे बहुधा तेथलेच असतात. खडकावरचें शेवाळ खरवडून खावें आणि आपल्या कपारीजवळ येईल त्यास हुसकून लावावें, हा त्यांचा संसार. टांगानिका सरोवरांतील कांहीं जाती उलट इतक्या लहान, कीं गोगलगायीच्या रिकाम्या शंखांत घर करून राहतात. या दोन्ही सरोवरांचें पाणी क्षारयुक्त व जड आहे. त्याचा पीएच, म्हणजे सामू, साधारणतः आठाच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. पश्चिम आफ्रिकेंतील नायजेरिया व कॅमेरून या देशांच्या ओढ्यांत मात्र याच कुळांतील क्रिबेन्सिस नांवाचा मासा राहतो, आणि तेथील पाणी पुष्कळ ठिकाणीं हलकें, किंचित् आम्ल असतें. म्हणजे चुलत भाऊ खरे. पण एकाचें पाणी दुसऱ्यास मानवतेंच असें नाहीं.

म्हणून मासा निवडण्यापूर्वीं पाणी पाहावें. आमचा जव्हार-मोखाड्याचा मुलूख काळ्या कातळाचा. पावसाळ्यांत येथें पाऊस कोसळतो तो कातळावरून धांवत वैतरणा आणि पिंजाळ यांच्या पोटांत शिरतो. जमिनींत मुरून क्षार गोळा करावयास त्यास फारसा अवसर मिळत नाहीं. असें पाणी बहुधा हलकें असतें. गृहिणींना याची परीक्षा सांगावयास नको. ज्या पाण्यांत तूरडाळ लवकर शिजते आणि साबणाचा फेस भरपूर येतो तें हलकें. ज्यांत डाळ टणक राहते आणि भांड्याच्या बुडाशीं पांढरा थर बसतो तें जड. विहिरीचें पाणी उन्हाळ्यांत अधिक जड होत जातें, म्हणून दुकानांत मिळणाऱ्या औषधाच्या थेंबांनीं ऋतूऋतूस तपासून घ्यावें, हें उत्तम. पोंवळ्याची वाळू व शिंपले घालून हलकें पाणी जड करतां येतें. पण दर आठवड्यास नवें पाणी घालतांना तोच खटाटोप पुन्हा करावा लागतो. घरच्या पाण्यास साजेल असा पाहुणा बोलवावा, हें आम्हांस अधिक शहाणपणाचें वाटलें. आमच्या टाकींत आतां क्रिबेन्सिसची एक जोडी आहे.

हा मासा लहान. नर सुमारें दहा सेंटिमीटर, मादी त्याहून लहान. आणि पुष्कळ प्राण्यांच्या उलट, येथें अधिक नटलेली मादीच. विणीच्या दिवसांत तिचें पोट पिकल्या चेरीसारखें लाल-जांभळें होतें. हीं जोडपीं गुहेंत अंडीं घालतात. आम्ही अर्धी नारळाची करवंटी कड फोडून पालथी ठेवली आहे. पिलें झालीं म्हणजे आईबाप दोघेही त्यांची राखण करतात. पाण्याच्या आम्लतेप्रमाणें पिलांतील नर-माद्यांचें प्रमाण बदलतें, असेंही शास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. स्वभाव एरवीं शांत. पण पिलें असतांना तळाशीं येणाऱ्याची गय नाहीं.

मग एवढ्या सुखी जोडप्यास शेजारी हवेत कशाला? असें मातुश्रींनींही विचारलें. कारण असें, कीं सिक्लिड मूळचे भित्रे. वर मोकळ्या पाण्यांत कोणी हिंडतांना दिसत नसेल, तर वर कांहीं संकट आहे अशा समजुतीनें ते दिवसचे दिवस गुहेंत दडून राहतात आणि रंगही फिके पडतात. वरच्या थरांत लहान मासे निर्धास्त फिरतांना पाहिले, म्हणजे त्यांस धीर येतो. दुसरें कारण अधिक घरगुती आहे. हुसकून लावावयास बाहेरचें कोणी नसेल, तर विणीच्या दिवसांत नवरा-बायकोच एकमेकांस फाडूं लागतात. अधूनमधून धांवून जाण्यास एखादें निमित्त समोर असलें, म्हणजे घरांत शांतता नांदते. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें अधिक समजावून सांगण्याची गरज नाहीं!

तर शेजारी असा हवा: वरच्या थरांत राहणारा, चपळ, थव्यानें हिंडणारा, तोंडांत मावणार नाहीं इतका अंगानें भरलेला, आणि त्याच पाण्यांत व त्याच उष्णतेंत सुखी. निऑन टेट्राचा बळी गेला तो यांतील बहुतेक अटींत न बसल्यामुळें. काडीसारखें अंग, मधल्या थरांत संथ फिरण्याची खोड, आणि मूळ घर दक्षिण अमेरिकेंतील मृदु पाण्याचें. आमच्या सहा आडदांडांना जें पाणी हवें तें त्यास नको होतें, आणि त्याला हवें तें त्यांस. टायगर बार्ब चपळ खरा, पण दुसऱ्याचे पर कुरतडण्याबद्दल बदनाम आहे. तळ चाटीत हिंडणारे कॉरिडोरास मासे क्रिबेन्सिसबरोबर कधींच ठेवूं नयेत. तळ ही क्रिबची मालमत्ता, आणि हे बिचारे इशारा न ओळखतां पुन्हा पुन्हा तेथेंच जातात व डोळे गमावून बसतात.

आफ्रिकेचाच शेजारी हवा, असा ज्यांचा आग्रह असेल त्यांच्यासाठीं काँगो टेट्रा आहे. नर इंद्रधनुष्यासारखा झळकतो, हलकें पाणी त्यास मानवतें. पण तो आठ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि अर्धा डझन तरी एकत्र लागतात. चार फुटांहून लहान टाकींत त्यांचा कोंडमारा होईल. आमची टाकी तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद व तेवढीच उंच. कांठोकांठ भरली तर १३० लिटरांच्या आसपास पाणी, आणि वाळू-दगड वजा जातां त्याहून बरेंच कमी. तेव्हां आम्ही घरच्या दिशेस वळलों.

गंगेच्या खोऱ्यांतील माशांवर फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरानें १८२२ सालीं जो ग्रंथ छापला, त्यांत एका पट्टेदार इवल्या माशाचें वर्णन आहे. तोच आजचा झेब्रा डॅनियो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणीं आज त्याच्यावर संशोधन चालतें, पण आमच्या दृष्टीनें त्याचा मोठेपणा निराळा आहे. चार-पांच सेंटिमीटर लांबी, क्षणभर स्थिर न राहणारी चाल, नेहमीं वरच्या थरांत वावर, थंडी सोसण्याची ताकद, आणि क्रिब अंगावर धांवून आला तर तो पोहोंचेपर्यंत हा टाकीच्या दुसऱ्या टोकास! क्रिबला २४ ते २६ अंशांची ऊब लागते. २४-२५ अंशांवर दोघेही सुखी असतात. आम्ही आठ आणले. सहांहून कमी कधीं घेऊं नयेत; थवा मोडला, कीं जो उरतो तो दुसऱ्यास छळतो किंवा स्वतः झुरतो. एक दोष मात्र सांगितला पाहिजे. क्रिबचीं पिलें रांगेंतून चुकलीं, तर हे सज्जन तीं गट्ट करतात. पिलें मोठ्या संख्येनें वांचवावयाचीं असतील, तर दुसरें भांडें हवें.

दोन काळ्या ठिपक्यांची टिक्टो नांवाची खवलीही चालेल. ती अधिक संथ, पण अंगानें भरलेली. सह्याद्रीच्या ओढ्यांतील मोठा डॅनियो दिसावयास फारच देखणा. मात्र तो दहा सेंटिमीटरपर्यंत जातो आणि उडी अशी मारतो, कीं झांकण नसेल तर सकाळीं फरशीवर सांपडावा. तीन फुटांत त्याला आम्ही नको म्हणूं.

येथें पुतण्यानें एक सूचना केली. ‘काका, ओढ्यांतूनच पकडून आणूं या कीं, फुकटचे!’ पहिल्या पावसांत आमच्याकडे वलगण चढते, म्हणजे मासे शेताच्या बांधांपर्यंत प्रवाहाविरुद्ध अंडीं घालावयास येतात. त्या वेळीं हवे तेवढे सांपडतील हें खरें. पण तो अंडीं घालण्याचा काळ. शिवाय त्या माशांवर पाड्यापाड्यांतल्या वारली-कोळी कुटुंबांचें ताट अवलंबून असतें. आपल्या शोभेसाठीं त्यांत हात घालूं नये, असें आम्हीं त्यास सांगितलें. शोभेच्या हौसेनें काय होतें याचें उदाहरण सह्याद्रींतच आहे. केरळ व दक्षिण कर्नाटकाच्या नद्यांतील लाल रेघेचा डेनिसन बार्ब हा असाच थव्यानें राहणारा मासा. जगभर मागणी वाढली, नद्यांतून बेसुमार पकड झाली, आणि आज तो संकटग्रस्त जातींच्या यादींत आहे. २०१३ सालीं त्याच्या गणास ‘सह्याद्रिया’ हें नांव मिळालें, एवढाच काय तो सन्मान. झेब्रा डॅनियोची पैदास मात्र कोलकात्याच्या परिसरांत व चेन्नईजवळच्या कोळत्तूर भागांत होते. विकत आणावा तो असा.

राहतां राहिले ते सहा निळे-पिवळे गुन्हेगार. त्यांचें काय करावें, यावरून घरांत खरा वाद झाला. मातुश्री म्हणाल्या, ‘अरे, त्या मुक्या जिवांना कशाला कोंडतोस? नदींत सोड, पुण्य लागेल.’ धाकट्या वहिनींचेंही तेंच मत पडलें. आम्हांस प्रथमच आईंस ठाम नकार द्यावा लागला.

आम्हीं त्यांस चिलापीची गोष्ट सांगितली. बाजारांत चिलापी म्हणून मिळणारा तिलापिया हा आफ्रिकन सिक्लिडच. आमच्या टाकींतल्या जोडीचा दूरचा भाऊबंद. १९५२ सालीं तो सिंहलद्वीपांतून आपल्या देशांत मुद्दाम आणला गेला, हेतु एवढाच, कीं गरिबास स्वस्त मासा मिळावा. मादी अंडीं तोंडांत धरून उबवते, त्यामुळें पिलें वांचतात फार; थोड्या महिन्यांतच तीं पिलें स्वतः वितात. इतर माशांचें अन्न व जागा तो व्यापूं लागला, तेव्हां १९५९ सालीं त्याच्या प्रसारावर निर्बंध घालण्याची पाळी आली. तोंवर उशीर झाला होता. जगांतील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परकीय जीवांच्या यादींत आज त्याचें नांव आहे. आमचे सहा मासे वैतरणेंत जगले असते कीं मेले असते, हें कोण सांगणार? पण त्यांच्याबरोबर रोग गेला असता, आणि एकदां सोडलेला मासा परत बोलावतां येत नाहीं.

मातुश्री कांहीं वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे पाहुणा म्हणून आला आणि घर बळकावून बसला, म्हण कीं!’ त्यानंतर नदीची गोष्ट निघाली नाहीं. पुतण्याच्या एका मित्राकडे जड पाण्याची मोठी टाकी होती. सहाही जण त्याच पिशव्यांतून मुंबईस परत गेले.

दोन व्यवहाराच्या गोष्टी. आमच्याकडे हिंवाळ्याच्या रात्रीं चांगल्याच गार असतात, आणि वीज जाणें ही नवलाई नव्हे. पाणी उबदार ठेवणारी विजेची नळी तर हवीच. वीज गेल्यास टाकीभोंवतीं गोधडी गुंडाळावी आणि बॅटरीवर चालणारें हवेचें यंत्र लावावें. नळाच्या पाण्यांत क्लोरीन असतो; तो घालविल्याशिवाय पाणी टाकींत ओतूं नये.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती आम्हांस अजून बोंचते. दर आठवड्यास टाकीचें चतुर्थांश पाणी बदलावें, असें सर्व जाणकार सांगतात. म्हणजे दोन-अडीच बादल्या. २०१४ सालीं, ज्या वर्षीं पालघर जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला त्याच वर्षीं, मोखाड्यांतील कोचाळें गांवाजवळचें मध्य वैतरणा धरण मुंबईच्या सेवेस रुजू झालें. त्याच मोखाड्याच्या पाड्यांतून एप्रिल-मे महिन्यांत बाया हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. अशा मुलखांत माशांसाठीं बादल्या ओतण्याची आम्हांस लाज वाटते. म्हणून आम्हीं मासे थोडे ठेवले आहेत, टाकींत पाणवनस्पती दाट लावल्या आहेत, उन्हाळ्यांत खाणें कमी घालतों आणि पाणी एकेकच बादली बदलतों. काढलेलें पाणी तुळशीस व परसांतल्या अळवास जातें. अळूचीं पानें पूर्वीं एवढीं मोठीं होत नसत.

श्रावणांत एके सकाळीं धाकटी पुतणी धांवत स्वयंपाकघरांत आली. करवंटीखालून मादी बाहेर आली होती आणि तिच्या पोटाखालीं धुळीच्या कणांसारखीं पिलें सरकत होतीं. वर आठही डॅनियो गिरक्या घेत होते. नर मधूनच उसळी घेऊन त्यांना पांगवी व परत येई. मुलगी पिलें मोजीत होती. पंचेचाळीसपर्यंत पोहोंचली आणि चुकली. मातुश्रींनीं जपमाळ बाजूस ठेवली व पहिल्यापासून मोजावयास आरंभ केला.