आजीच्या तोंडचा इतिहास वहीत उतरवा

इतिहास पुरुषांनी लिहायचा आणि बायकांनी ऐकायचा, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही. सुमारे १९०० वर्षांपूर्वी चीनमध्ये बान झाओ या विदुषीने भावाच्या हातून अपुरा राहिलेला हान घराण्याचा इतिहास पुढे नेला. आपल्याकडे सोळाव्या शतकात बाबराची मुलगी गुलबदन बेगम हिने भाचा अकबर याच्या सांगण्यावरून हुमायूनची हकिकत फारसीत लिहिली. जनानखान्यातली लग्ने, दुःखे, प्रवासातले हाल तिच्यामुळेच कळले.

या दोघी दरबाराजवळच्या. मग राबणाऱ्या बायांचा इतिहास कोणी लिहायचा? ते काम मुंबईत झाले. परळच्या दामोदर हॉलमध्ये ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सभा बोलावली. तिच्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा उभी राहिली. पुढे या चळवळीत हजारो बाया उतरल्या. १९४२ च्या जुलैत नागपूरला त्यांची स्वतंत्र परिषद भरली. पण पुस्तकांत नावे बहुतेक पुरुषांचीच! ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी त्या वृद्ध कार्यकर्त्यांना शोधून बोलते केले आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. ऊर्मिलाताई रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. त्यांची आई बांबूची सुपे-टोपल्या विणून घर चालवी.

लालबाग-परळच्या गिरणगावातही मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी कामगार स्त्री-पुरुषांच्या हकिकती जमवल्या. त्यांचे पुस्तक २००४ साली निघाले.

शेतीचे तरी वेगळे काय? सातबाऱ्यावर नाव बहुधा धन्याचे. पण बियाणे राखेत घोळून मडक्यात कोणी जपले? १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कोण गेले? त्या वेळच्या तरुण सुना आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत.

म्हणून भगिनींनो, शाळेची एक कोरी वही घ्या. संध्याकाळी नातीला आजीजवळ बसवा. माहेर कोणते, लग्न कोणत्या साली, घरात कोणते वाण होते, दुष्काळ कसा काढला, हे विचारा. आजीचे शब्द आहेत तसेच लिहा. वर नाव, गाव, तारीख घाला. साल आठवत नसेल तर शेजारच्या आजीलाही विचारून ताडून पाहा. वाफसा गेल्यावर पेरणी साधत नाही. हे काम या सुगीनंतर लगेच हाती घ्या.