कागद कुणाच्या दप्तरात?

१८७८ साली हरसूलच्या लोकांचा राजा बदलला, आणि जंगलाचा मालकही. पेठ संस्थानच्या बेगम त्या वर्षी वारल्या आणि हरसूलसह सारा मुलूख नाशिक जिल्ह्यात खालसा झाला. त्याच वर्षी भारतीय वन कायदा आला आणि राखीव जंगलाच्या हद्दी आखायचा अधिकार सरकारकडे गेला. डोंगर होते तिथेच राहिले, नागली-वरईची शेतीही तीच राहिली. पण पुढे हद्दीचे दगड रोवले गेले, तसतसा आजवर बिनबोभाट राब भाजणारा कोकणा, वारली नि महादेव कोळी माणूस 'अतिक्रमणदार' ठरू लागला. जमीन कोण कसतो, याला किंमत उरली नाही. तिची नोंद कोण करतो, याला आली.

अर्थव्यवस्था आणि सत्ता मिळून समाज कसा घडवतात, याचा शोध घ्यायला राजधानीतच जावं लागतं असं नाही. आज त्र्यंबकेश्वर तालुक्यात असलेल्या हरसूल परिसरात त्याची दीडशे-पावणेदोनशे वर्षांची साखळी सलग दिसते. राजे बदलले, कायदे बदलले. कागद ज्याच्या दप्तरात, त्याचाच शब्द चालतो हे बदललं नाही.

सावकाराची वही

या पट्ट्यात पाऊस उदंड आणि धान्य तुटपुंजं. आषाढ-श्रावणात कणगी रिकामी व्हायची. तेव्हा सावकाराकडून आणलेलं धान्य सुगीला सवाईने, दिढीने फेडायचं. फेडलं किती नि उरलं किती, हे लिहिणारा सावकारच. कुळाचा त्यात अंगठा तेवढा.

म्हणूनच इथल्या आणि आसपासच्या बंडांचा रोख अनेकदा सावकारांवर नि त्यांच्या वह्यांवर असे. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात सावकारांवर धाडी घातल्या. २ मे १८४८ रोजी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. डिसेंबर १८५७ मध्ये खुद्द हरसूलचा बाजार लुटला गेला आणि त्या उठावापायी पेठच्या राजघराण्यातले भगवंतराव फासावर गेले. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्या दंग्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. म्हणजे रोख्याची ताकद सरकारलाही ठाऊक होती. लग्नासाठी कर्ज घेऊन आयुष्यभर राबणारा 'लग्नगडी' मात्र ठाणे जिल्ह्यात १९४५ च्या वारली लढ्यापर्यंत टिकून होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने सावकाराच्या जागी स्वतः उभं राहून पाहिलं. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ निघालं, मुख्यालय नाशिकला. १९७६ च्या कायद्याने आदिवासी भागात एकाधिकार खरेदी आली: माल महामंडळाने घ्यायचा, पावसाळ्याच्या तोंडावर खावटी कर्ज द्यायचं. बिगर-आदिवासीकडे गेलेली आदिवासीची जमीन त्याला परत मिळावी म्हणून १९७४ चा जमीन परत करण्याचा कायदाही झाला. खाजगी वही गेली, सरकारी फाईल आली. जाचातला फरक खरा होता. पण फाईल हलवणारा हात अजून गावाबाहेरचाच होता.

म्हाताऱ्याचा जबाब

हा हात गावात आणायचा पहिला गंभीर प्रयत्न दोन कायद्यांनी केला. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला गौण वनोपज, सावकारी, दारू, जमिनीचं हस्तांतरण यांत अधिकार दिला. महाराष्ट्राचे नियम मात्र २०१४ मध्ये आले. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, दावेदाराला मिळू शकते. ती वारसाला जाते, विकता येत नाही. दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेची वनहक्क समिती करते, मग उपविभागीय आणि जिल्हा समिती. आणि पुराव्यात गावातल्या जाणत्या माणसाचा जबाबही धरला जातो. ज्यांचे अंगठे आजवर दुसऱ्याच्या कागदावर उठले, त्यांचं तोंडी बोलणंही पुरावा झालं.

कायदा झाला तरी अंमल रेंगाळला. दावे फेटाळले गेले, कसणाऱ्याला एकरांऐवजी गुंठे मिळाल्याच्या तक्रारी वाढल्या. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेल्या किसान सभेच्या लाँग मार्चमध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, त्र्यंबकेश्वरची माणसं होती. सुमारे १८० किलोमीटर चालून ती १२ मार्चला आझाद मैदानावर पोचली. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास नको म्हणून शेवटचा टप्पा रातोरात चालली. एक मुख्य मागणी होती: जमीन नावावर करा. आणि सरकारचं आश्वासन त्यांनी लेखी घेतलं. फसवणुकीच्या एवढ्या अनुभवानंतर तोंडी शब्दावर कोण घरी जाईल?

हक्क मिळाला तरी पुढचा कागद आडवा येतो, हे गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने दाखवलं. २००९ मध्ये गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. तो परवाना देण्याचा अधिकार २०११ मध्ये ग्रामसभेकडे आला, तेव्हा कुठे गावाने स्वतःचा बांबू स्वतःच्या दराने विकला.

बागेतला तोंडी सौदा

मात्र हरसूलचं पोट आज एकट्या जंगलावर किंवा शेतावर चालत नाही. भात-नागली निघाली की घरंच्या घरं 'जगायला' उतरतात. नाशिकच्या वाटेवर गिरणाऱ्याच्या चौकात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. बोचकी, भांडी, तांदळाची पिशवी, कडेवर लेकरू. द्राक्षबागायतदार पिकअप घेऊन येतात. छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे घड द्रावणात बुडवणं. रोजाने की उक्तं, एकराला किती. दोन-चार वाक्यांत ठरतं आणि टोळी गाडीत चढते. लिहिलेलं काही नसतं. काम नेमकं साधलं नाही, पाऊस पडला, कुणी आजारी पडलं, की ठरलेला आकडा मालकाच्या आठवणीप्रमाणे बदलू शकतो.

रोजगार हमीच्या कामावर निदान जॉबकार्ड आणि मस्टर आले. पंधरा दिवसांत मजुरी न मिळाल्यास भरपाई मागायची सोय २००५ च्या केंद्रीय कायद्याने केली. बागेत तसं काहीच नाही. वास्तविक कागदाला सर्वांत जास्त जपणारा धंदा हाच. युरोपला जाणाऱ्या द्राक्षाची बाग नोंदलेली लागते, फवारणीच्या तारखा लिहाव्या लागतात, औषधाचे अंश तपासून अहवाल घ्यावा लागतो. ग्रेपनेट या नोंदणी प्रणालीवर पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो. त्याच घडातले मणी हाताने विरळ करणाऱ्या बाईचं नाव त्या साखळीत कुठेच नाही. बागायतदारावरही निर्यातदार आणि बँकेचा दाब असतो, हे मान्य. पण निर्यातीच्या साखळीत निदान त्याच्या बागेची नोंद तरी असते.

हे बदलायला नवा कायदाच हवा असं नाही. गाव सोडताना ग्रामसभेच्या रजिस्टरात चार ओळी लिहिता येतील: कोण गेलं, कुणाच्या बागेत, किती दिवसांसाठी, कोणत्या दराने. वाद झाला तर ती ओळ दाखवता येईल, आणि वीस गावांनी दर लिहिले तर पुढच्या हंगामात चौकात उभं राहताना त्याचा आधार होईल. सावकाराची वही जाळून ऋण संपलं नाही, कारण दुसरी वही सावकारच लिहीत होता. ही वही हरसूलने स्वतः लिहायला हवी.