बिनतारी संवेदक जाल आणि दरडींचे पूर्वानुमान : मुन्नार येथील प्रयोगाच्या संदर्भात

प्रस्तावना

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मते, बर्फाच्छादित प्रदेश वगळता देशातील सुमारे ४.२ लाख चौ. कि.मी., म्हणजे १२.६ टक्के भूभाग भूस्खलनप्रवण आहे. त्यापैकी ०.९ लाख चौ. कि.मी. क्षेत्र पश्चिम घाट व कोकणातील डोंगररांगांत मोडते. माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१) आणि इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दुर्घटना ऐन पावसाळ्यातील होत. माळीणची पहिली वार्ता बाहेर पोहोचली ती एस.टी.च्या चालकामुळे, नेहमीचे गाव त्याला जागेवर दिसले नाही. अतिवृष्टीचा इशारा संपूर्ण जिल्ह्यासाठी देता येतो. परंतु विशिष्ट उतार केव्हा सुटेल हे त्यावरून समजत नाही. ही उणीव बिनतारी संवेदक जालाच्या साहाय्याने कितपत भरून निघते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

उतार का सुटतो?

उतारावरील माती दोन कारणांनी टिकून राहते : कणांमधील संसक्ती आणि कणाकणांतील घर्षण. घर्षण हे कणांवर पडणाऱ्या दाबावर अवलंबून असते. पावसाचे पाणी मुरून कणांमधील पोकळ्या भरल्या की ते पाणी स्वतःच दाब देऊ लागते व कणांना परस्परांपासून दूर रेटते. कार्ल टेर्झागी यांनी मांडलेल्या परिणामी प्रतिबलाच्या तत्त्वानुसार एकूण दाबातून हा रंध्रजलदाब वजा केल्यावर जे उरते, तेवढ्यावरच घर्षण अवलंबून असते. म्हणजेच मातीचे वजन पाण्याने वाढत असताना तिला धरून ठेवणारे बळ मात्र घटत जाते. म्हणून पृष्ठभागावरील पावसाच्या आकड्यापेक्षा जमिनीच्या पोटातील रंध्रजलदाब अधिक बोलका ठरतो. तो मोजण्यासाठी छिद्र पाडून पिझोमीटर उतरवावा लागतो.

मुन्नार येथील जाल

केरळातील इडुक्की जिल्ह्यात, मुन्नारच्या अँथोनियार कॉलनी परिसरात जुलै २००५ मध्ये दरड कोसळली होती. त्याच उतारावर अमृता विश्वविद्यापीठाच्या डॉ. मनीषा रमेश व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या सुमारास संवेदक जाल उभारले. छिद्रांत उतरवलेल्या नळ्यांवर निरनिराळ्या खोलीला पिझोमीटर, आर्द्रतामापक, कलमापी व विकृतिमापी बसविण्यात आले. जोडीला जिओफोन व पर्जन्यमापक होते. प्रत्येक नळीची माहिती बिनतारी नोडमार्फत गटप्रमुख नोडकडे, तेथून क्षेत्रीय केंद्राकडे आणि पुढे उपग्रहामार्फत कोल्लम जिल्ह्यातील अमृतपुरी येथील केंद्राकडे जाते. जुलै २००९ च्या अतिवृष्टीत या यंत्रणेच्या नोंदींवरून स्थानिक रहिवाशांना प्रत्यक्ष इशारा देण्यात आला. २०१८ मध्ये याच संस्थेने सिक्कीममधील गंगटोकजवळ चांदमारी येथे अधिक विस्तृत जाल बसविले.

येथे खरी अडचण विजेची आहे. संवेदकांची सर्वाधिक गरज पावसाळ्यात, आणि सौर पट्ट्यांना ऊन मिळत नाही तेही पावसाळ्यातच. त्यातच २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी ओल्या पानोळ्यातून जाताना क्षीण होतात. उन्हाळ्यात उत्तम चाललेली जोडणी आषाढात तुटू शकते. यावर उपाय असा की कोरड्या दिवसांत नोड बहुतांश काळ निद्रिस्त ठेवावेत आणि पाऊस, मग आर्द्रता, मग रंध्रजलदाब हे टप्पे ओलांडले जातील तसतशी मोजणीची वारंवारता वाढवीत न्यावी. इशाऱ्यांच्या पायऱ्याही याच क्रमाने ठरतात. वीजबचत आणि पूर्वसूचना या दोहोंचे गणित अशा रीतीने एकाच सूत्रात बसते.

पूर्वानुमानाची मर्यादा

पावसाची तीव्रता व कालावधी यांवरून उंबरठा ठरविण्याची पद्धत केन यांनी १९८० मध्ये मांडली. फुकुझोनो यांची १९८५ ची पद्धत वेगळी आहे : सरकणाऱ्या उताराच्या वेगाचा व्यस्तांक कालानुसार आलेखावर मांडला की ती रेषा शून्याला जेथे भिडते, ती कोसळण्याची संभाव्य वेळ होय. मात्र हे हळूहळू सरकणाऱ्या उतारालाच लागू पडते. उथळ माती एकाएकी चिखल होऊन वाहते तेव्हा आलेख काढण्याइतकाही अवधी मिळत नाही. शिवाय उंबरठे स्थानिक असतात. मुन्नारचा खडक ग्रॅनाइट व नाइस जातीचा, तर महाराष्ट्रातील सह्याद्रीचा बेसाल्ट. तेव्हा तेथील आकडे येथे जसेच्या तसे लावणे धोक्याचे ठरेल.

याहून मोठा प्रश्न जागेचा आहे. ६ ऑगस्ट २०२० रोजी मुन्नारजवळच्याच पेट्टीमुडी येथे चहामळ्यातील कामगारवस्तीवर दरड कोसळून ७० जण दगावले. एका उतारावरील जाल शेजारच्या डोंगराविषयी काहीच सांगत नाही. इर्शाळवाडीचे नाव तर दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हते. जे गाव यादीत नाही तेथे संवेदक कोणी बसवावा? याउलट वायनाडमध्ये ह्यूम सेंटर या संस्थेने स्वयंसेवकांकडील साध्या पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून, ३० जुलै २०२४ च्या दुर्घटनेच्या आदल्या दिवशी प्रशासनाला सावध केले होते. तरीही मुंडक्कई व चूरलमला येथे मोठी जीवितहानी झाली.

हे पाहता, महाराष्ट्रात खर्चिक संवेदक जाल मोजक्या, वस्तीला लागून असलेल्या व आधीच भेगा पडलेल्या उतारांपुरते ठेवावे आणि उर्वरित वाड्यावस्त्यांवर पर्जन्यमापकांची दाट विण करावी, हे अधिक व्यवहार्य दिसते. पर्जन्यमापक वाचण्याचे काम गावातील शाळेला अथवा जवळच्या महाविद्यालयाच्या भूगोल विभागाला करता येण्याजोगे आहे. मात्र मध्यरात्री उंबरठा ओलांडला गेल्यास वस्ती हलविण्याचा निर्णय कोणी घ्यावयाचा व लोकांना कोठे न्यावयाचे, हे पहिला पाऊस पडण्यापूर्वीच तहसील पातळीवर लेखी ठरलेले असले पाहिजे.