घडी घाला, अपूर्णांक शिकवा

‘एक चतुर्थांश मोठा की एक अष्टमांश?’ असं विचारलं की पुष्कळ मुलं पटकन ‘अष्टमांश’ म्हणतात. चारापेक्षा आठ मोठे ना! अशा वेळी मुलावर रागावू नका. एक कागद आणि रंगखडू द्या.

कागदाची बरोबर मधोमध घडी घालायला सांगा. मग आणखी दोनदा तसंच. उलगडल्यावर आठ सारखे भाग दिसतील. एक भाग लाल, दोन भाग पिवळे रंगवू द्या. पिवळे दोन भाग मिळून पाव कागद होतो आणि लाल भाग त्याच्या निम्माच आहे, हे मूल आपणहून सांगेल. डोळ्यांनी पाहिलेलं पाठ करावं लागत नाही.

ही युक्ती जुनीच आहे. टी. सुंदर राव यांचं कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक मद्रासला १८९३ मध्ये निघालं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही कलेतून इतर विषय शिकवण्यावर भर दिला आहे.

मात्र घडी तुम्ही घालून देऊ नका. ती वाकडी गेली तर एवढंच विचारा, ‘सगळे भाग सारखे झाले का रे?’ अपूर्णांकाचा खरा धडा तिथूनच सुरू होतो.