जुन्या लाकडाला नवे आयुष्य

गहू घरात आला, हातात चार पैसे खेळू लागले, की लग्नसराई सुरू होते. घरोघरी नव्या पलंगाची, नव्या कपाटाची बोलणी निघतात. त्याच सुमारास आजोबांची आरामखुर्ची गोठ्यात जाते आणि आजीची सागवानी पेटी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढते. म्हणून या वेळी शेती व आरोग्याच्या पानावर जुन्या सामानाविषयी चार उपयोगी गोष्टी सांगाव्यात, असे आम्ही ठरविले.

इंदूरकरांना हा धडा शिकायला लांब जावे लागत नाही. महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून माणिकबाग राजवाडा उभारून घेतला आणि युरोपातील नामांकित कलावंतांच्या खुर्च्या-टेबलांनी तो सजविला. १९८० साली त्या सामानाचा मोनॅको येथे लिलाव झाला. २०१९ साली पॅरिसच्या संग्रहालयात त्यावर प्रदर्शन भरले. राजवाड्यात आता सरकारी कचेरी आहे. इथून गेलेल्या वस्तूंचे मोल जगाने जाणले. आपल्या पेटीला लिलावात कोणी बोली लावणार नाही, हे खरे. पण तिचे खरे मोल तिच्या लाकडात आहे. सागाचा गाभा सहसा किडत नाही. भुसा व गोंद दाबून केलेल्या स्वस्त फळीत मात्र पावसाळ्यात ओल शिरली, की ती फुगते. तिच्यासाठी कर्ज काढणे शहाणपणाचे नाही.

जुने सामान विकत घेताना ते उलटे करून पाहावे. बारीक गोल भोके आणि त्याखाली ताजे पिठासारखे चूर्ण दिसले, तर आत कीड जिवंत आहे असे समजावे. भोके जुनी असून चूर्ण नसेल, तर बहुधा भीती नाही. सांधे खिळखिळे असले, तरी घाबरू नये. पूर्वीचे सुतार सरस वापरीत. सरस गरम पाण्याने सुटतो, म्हणून असा सांधा न मोडता उघडतो व पुन्हा बसविता येतो. वेताची बैठक सैल झाली असेल, तर ती खालच्या बाजूने गरम पाण्याने भिजवून सावलीत वाळू द्यावी. वेत तुटलेला नसेल, तर तो बराच आवळून येतो.

आता आरोग्याचे. जुना तेलरंग कोरडा घासू नये. पूर्वीच्या रंगांत शिसे असे. २०१६ च्या सरकारी नियमांनी नव्या घरगुती रंगांत ते दहा लाख भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित केले, पण आजोबांच्या कपाटाला तो नियम कुठून लागणार? शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. काचकागद पाण्यात भिजवून, अंगणात, मुलांना दूर ठेवून व नाकाला फडके बांधून घासावे. पडलेला गाळ जमा करावा. तो शेतात किंवा कोंबड्यांपुढे टाकू नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट ढेकणांची. जुन्या पलंगात ढेकूण निघाले, की शेतकऱ्याचा हात फवारणीच्या उरलेल्या औषधाकडे किंवा गव्हात ठेवायच्या गोळ्यांकडे जातो. बंधूंनो, हे कदापि करू नका. त्या गोळ्यांतून हवेतील ओलीने फॉस्फिन नावाचा वायू निघतो. त्याच्यावर उतारा नाही. बंद खोलीत तो झोपलेल्या कुटुंबाचा जीव घेऊ शकतो. पिकावरचे औषध अंथरुणात शिरले, तर तेही कातडीवाटे व श्वासावाटे अंगात जाते. चुकून असे झालेच, तर सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि त्रास नसला तरी तडक इस्पितळात न्यावे. डबा सोबत न्यावा, पण गोळ्या नेऊ नयेत.

ढेकणांवर उकळते पाणी हा साधा उपाय आहे. पलंग अंगणात काढून प्रत्येक सांध्यात, प्रत्येक फटीत ते ओतावे व मे महिन्याच्या कडक उन्हात पलंग वाळवावा. अंड्यांतून साधारण सहा ते दहा दिवसांत पिले निघतात, म्हणून आठवड्याने एकदा आणि आणखी आठवड्याने पुन्हा तेच करावे. नंतर फटी लांबीने बुजवाव्यात.

शेवटी लाकडाला जवसाच्या तेलाचा हात द्यावा. पातळ थर लावून, मुरल्यावर जादा तेल पुसून घ्यावे. मात्र तेलाचे फडके चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नये. ते आपोआप तापून पेट घेऊ शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे. चकाकी हवी असेल, तर सुताराकडून लाखेचे पॉलिश करून घ्यावे.

प्रभूने हजारोंना जेवू घातले, तेव्हा उरलेले तुकडेही वाया जाऊ दिले नाहीत. शिष्यांनी बारा टोपल्या भरून घेतल्या. संत योसेफाच्या कर्मशाळेत प्रभू येशूचे हात लाकडावर चालले. पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या पत्रात वापरून फेकण्याच्या वृत्तीविरुद्ध सर्वांना सावध केले. तेव्हा येत्या उन्हाळ्यात दुकानाची पायरी चढण्याआधी आपला गोठा व माळा एकदा नीट पाहून घ्यावा, ही आमची विनंती.