सल्फेट आणि हाडांची वाढ

हातापायांची लांब हाडे गर्भावस्थेत आरंभी कूर्चेची असतात. हाड मागाहून तिची जागा घेते. पुढे वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचा एक पातळ थर उरतो व त्याच्यायोगे हाडाची लांबी वाढते. या कूर्चेत काँड्रॉइटिन सल्फेटाच्या लांबच लांब साखळ्या असतात. त्यांच्यावरील सल्फेट-गटांच्या ऋण विद्युत्भारामुळे पाणी धरून ठेवले जाते आणि कूर्चा दाब सोसू शकते.

परंतु रक्तातील सल्फेट निष्क्रिय असते. साखळीला जोडले जाण्यापूर्वी त्याला क्रियाशील रूप द्यावे लागते. हे रूप १९५०च्या दशकात फ्रिट्झ लिपमन व फिलिप्स रॉबिन्स यांनी ओळखले. त्याचे संक्षिप्त नाव पीएपीएस. ते दोन टप्प्यांत बनते आणि मानवी शरीरात हे दोन्ही टप्पे एकच विकर पार पाडते. या विकराचे दोन प्रकार आहेत. त्यांपैकी कूर्चेच्या वाढीला विशेष आवश्यक असणाऱ्या प्रकाराचे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असून त्याला पीएपीएसएस २ म्हणतात.

या जनुकाचे महत्त्व १९९८ साली स्पष्ट झाले. पाकिस्तानातील एका दुर्गम भागातील मोठ्या कुटुंबात नात्यात विवाह होत असत. त्यातील काही व्यक्तींचे पाय जन्मतःच आखूड व वाकलेले होते. वयाबरोबर त्यांचे गुडघे जाड होत, कणा वाकत असे आणि सांधे अकाली झिजत. बुद्धी मात्र शाबूत असे. त्यांच्या या जनुकातील बदलामुळे विकराची बांधणी अर्ध्यावरच थांबत असल्याचे आढळले. आखूड अवयवांच्या एका जातीच्या उंदरांमध्ये पीएपीएस नीट बनत नाही, हे १९७९ सालीच दिसून आले होते. त्यांचा दोषही याच जनुकात निघाला.

पुढे २००९ साली असे दिसून आले की, हा दोष हाडांपुरताच मर्यादित नाही. अधिवृक्क ग्रंथीच्या एका संप्रेरकालाही सल्फेट जोडले जावे लागते. तसे न झाल्यास त्यापासून पुरुषी संप्रेरके अधिक बनतात. त्यामुळे अशा मुलींची केवळ उंची मोजून भागत नाही. संप्रेरकांचीही तपासणी करावी लागते.

माता व पिता या दोघांकडून सदोष प्रत आली तरच हा विकार होतो. एकच सदोष प्रत असलेले आईबाप स्वतः निरोगी असतात. मात्र त्यांच्या प्रत्येक अपत्याला विकार होण्याची शक्यता चारांत एक असते. तेव्हा अशा जन्माचा दोष मातेच्या आहाराला वा आचरणाला देणे सर्वस्वी अन्यायाचे होय.